गवत कापण्यासाठी जुना गार्डन ट्रॅक्टर: निवडायचा कसा, चालू करायचा कसा

अमेरिकेतल्या ओहायो, इंडियाना, मिशिगन, इलिनॉय या पट्ट्यात शहरापासून थोडं लांब घर घेतलं की घराबरोबर एक-दीड एकर गवतही पदरात पडतं. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ते कापत राहावं लागतं आणि मे महिन्यात तर ते आठवडाभरही थांबत नाही. आपल्यातले बहुतेकजण मोठ्या दुकानात जाऊन नवा, स्वस्तातला लॉन ट्रॅक्टर घेतात. ज्याला पाना हातात धरायची आवड आहे आणि ज्याच्या गॅरेजमध्ये एका गाडीची जागा रिकामी आहे, त्याने मात्र १९६० ते १९८५ या काळातला जुना गार्डन ट्रॅक्टर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

लॉन ट्रॅक्टर आणि गार्डन ट्रॅक्टर दिसायला सारखे असले तरी बांधणीत फार अंतर आहे. लॉन ट्रॅक्टर फक्त गवत कापतो. गार्डन ट्रॅक्टर नांगर ओढायला आणि हिवाळ्यात बर्फ ढकलायलाही बनवलेला असतो. जाड पोलादी फ्रेम, बिडाच्या पेटीतले गिअर, मागे १२ इंची रिमची चाकं आणि ६००-७०० पौंडांच्या घरातलं वजन. त्यातला प्रत्येक भाग खोलता येतो, दुरुस्त करता येतो आणि परत बसवता येतो. चाळीस-पन्नास वर्षं वापरून झालेली ही यंत्रं आजही कामाला लागतात ती त्यामुळेच.

नवशिक्यांना एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गवत कापायला ट्रॅक्टर घेत असाल तर इंजिन आणि रंग सोडा, आधी डेक बघा. डेक म्हणजे ट्रॅक्टरच्या पोटाखाली लटकणारं, पाती असलेलं पत्र्याचं खोकं. इंजिनाचे भाग मिळतात, रंग डब्यात मिळतो. गंजून चाळण झालेला किंवा हरवलेला डेक मात्र शोधता शोधता अख्खा उन्हाळा निघून जातो.

आधी अंगण मोजा

अर्ध्या एकरापेक्षा कमी गवत असेल तर या फंदात पडू नका, ढकलायचं मशीन पुरे. एक-दीड एकराला ४२ इंची डेक योग्य. हिशोब सोपा आहे: ४२ इंच म्हणजे साडेतीन फूट. ताशी ३ मैल वेगाने तासाला ५५,००० चौरस फूट कापून व्हायला हवेत आणि एकर आहे ४३,५६० चौरस फुटांचा. पट्टे एकमेकांवर चढवणं, वळणं, झाडांभोवती फिरणं यात बराच वेळ जातो, म्हणून एकराला तास धरा. ४२ इंचाला १० ते १२ हॉर्सपॉवर लागते, ४८ इंचाला १४ ते १६. मागच्या अंगणाला फाटक असेल तर त्याची रुंदीही मोजा. कडेला गवत फेकणाऱ्या तोंडामुळे डेक नावापेक्षा बराच रुंद असतो.

कोणत्या घराण्याचा?

पहिल्या ट्रॅक्टरसाठी मी व्हील हॉर्स सुचवतो. पाँड बाप-लेकांनी १९४६ मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडला ही कंपनी काढली. १९७४ मध्ये ती अमेरिकन मोटर्सकडे गेली आणि १९८६ मध्ये टोरोकडे. इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे एक पट्टा जातो. क्लच म्हणजे हाच पट्टा ढिला करणारी पुली, इतकी साधी रचना. गिअरबॉक्स बिडाचा, दणकट. शिकायला याहून बरं यंत्र नाही. चाकांचे हब मात्र हलवून बघा. हब धुरीवर चावी (म्हणजे खाचेत बसणारा लोखंडाचा छोटा तुकडा) आणि स्क्रूने बसवलेला असतो आणि कुणी वर्षानुवर्षं ढिला चालवला असेल तर चावीची खाच रुंद होऊन बसते.

कब कॅडेट इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ च्या मॉडेलपासून आणला, पिवळा-पांढरा. यात चालवायला पट्टाच नाही. इंजिनापासून शाफ्ट थेट मागच्या गिअरपेटीत जातो. ताकद वाया जात नाही, पण क्लच, कपलिंग आणि शाफ्टमधल्या पिना झिजतात आणि ते काम व्हील हॉर्सच्या पट्ट्यापेक्षा वेळखाऊ आहे. १९७० च्या दशकातल्या ‘क्वाएट लाइन’मध्ये, म्हणजे १००० ते १६५० या मॉडेलांत, इंजिन रबरी माउंटवर बसतं. ते रबर बसलं की इंजिन खाली झुकतं आणि शाफ्टवर ताण येतो. घेताना बाजूचे पत्रे काढून ते माउंट बघाच. १९८१ मध्ये हा व्यवसाय एमटीडी या कंपनीने घेतला.

जॉन डिअर ११० हा १९६३ चा, विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनचा. देखणा आहे आणि म्हणूनच महाग. हौशी संग्राहक भाव चढवून ठेवतात. ३१८ हे १९८३ ते १९९२ मधलं मॉडेल चालवायला राजेशाही आहे: पॉवर स्टिअरिंग, हायड्रॉलिक उचल, दोन सिलिंडरचं ओनान इंजिन. पण त्या इंजिनाचे सुटे भाग खिशाला जड जातात. पहिला ट्रॅक्टर म्हणून तो घेऊ नका.

गवताची कापणी सर्वांत सुबक कुणाची, असं विचाराल तर सिम्प्लिसिटीची, आणि ॲलिस-चामर्सच्या नावाने तिथेच बनलेल्या ट्रॅक्टरांची. ॲलिस-चामर्सने १९६५ मध्ये सिम्प्लिसिटी विकतच घेतली होती. डेकच्या मागे रूळ, म्हणजे रोलर असतात आणि डेक जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे तरंगत चालतो. फुटबॉलच्या मैदानावर दिसतात तसे फिकट-गडद पट्टे त्यामुळेच उमटतात. यांच्या बेव्हल गिअर बॉक्सचं तेल मालक विसरतात, ते तपासा. केस (Case) या कंपनीचे ट्रॅक्टर पूर्ण हायड्रॉलिक: इंजिन पंप फिरवतं आणि तेलाच्या दाबावर मागची मोटर. पंप आणि मोटर ठणठणीत असतील तर ते फार चांगले, पण तेल गळणारा केस नवशिक्याने घेऊ नये.

यांतल्या बहुतेकांत इंजिन सापडतं ते कोहलरचं ‘के’ मालिकेतलं. हो, बाथरूमच्या नळांवर दिसतं तेच कोहलर. एक सिलिंडर, बिडाचा ब्लॉक. के १८१ म्हणजे ८ हॉर्सपॉवर, के २४१ म्हणजे १०, के ३०१ म्हणजे १२, के ३२१ म्हणजे १४ आणि के ३४१ म्हणजे १६. सिलिंडर झिजला तर बोअरिंग करून मोठा पिस्टन घालता येतो.

बघायला गेल्यावर

खरेदी शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात करा. एप्रिलमध्ये सगळ्या शेजाऱ्यांना एकदमच ट्रॅक्टर हवा असतो. शेतावरचे लिलाव आणि घर आवरताना होणारी विक्री या चांगल्या जागा आहेत. इंडियानातल्या पोर्टलंडला दर ऑगस्टमध्ये जुन्या इंजिनांची आणि ट्रॅक्टरांची मोठी जत्रा भरते. काही घ्यायचं नसलं तरी डोळे तयार करायला एकदा जाऊन या.

मालकाला फोनवरच सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा सिलिंडरवर हात ठेवा. गरम असेल तर थंड इंजिन चालू करण्याची अडचण तुमच्यापासून लपवलेली असू शकते. मग तेलाची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरचा फ्लोट किंवा पेट्रोल पंपाचा पडदा गळतोय आणि तेल पातळ झालंय. के मालिकेत तेलाचा पंप नसतो, कनेक्टिंग रॉडच्या खालचं टोक तेलात बुडून सगळीकडे तेल उडवतं. त्यामुळे तेल कमी किंवा पातळ पडलं की रॉड तुटतो, आणि तुटलेला रॉड ब्लॉकला भोक पाडू शकतो. चालू झाल्यावर निळा धूर क्षणभर दिसून थांबला तर चालेल. सतत येत असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचं काम निघालं. खोलवरून ‘ठक ठक’ आवाज येत असेल तर सरळ निघा.

गिअरपेटीचा खालचा बोल्ट किंचित ढिला करू द्यायला मालक तयार आहे का, विचारा. आधी पाणी गळलं किंवा दुधी चहासारखं तेल आलं तर पेटीत पाणी शिरलंय. ट्रॅक्टर उघड्यावर उभा होता आणि गिअरच्या दांड्याभोवतीच्या फटीतून पावसाचं पाणी आत गेलं, असं सर्रास होतं. भाव कमी होत असेल तर हेही चालतं, पण त्या पाण्याने बेअरिंग गंजली असतील हे गृहीत धरूनच बोला.

आता डेक. टॉर्च घ्या आणि जमिनीवर आडवे व्हा. प्लगची वायर काढलेली असू द्या. पात्याचं टोक धरून वर-खाली करा. कट-कट जाणवली तर स्पिंडलची, म्हणजे पातं ज्या उभ्या धुरीवर फिरतं तिची बेअरिंग गेली. ती बदलणं सोपं आणि स्वस्त. मग स्पिंडल जिथे पत्र्याला बोल्टने धरलेत, त्या भोवतालच्या भागावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. पत्रा घट्ट, टणक आवाज देत असेल तर छान. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले किंवा बोल्टच्या भोकापासून चीर निघालेली दिसली तर हा डेक वेल्डरकडे जाणार. कडेचा पत्रा गंजला असेल तर तुकडा जोडता येतो, पण स्पिंडलखालचा पत्रा खाऊन गेला असेल तर ती दुरुस्ती नवशिक्याची नाही.

डेक ट्रॅक्टरला लावलेला नसेल, कोपऱ्यात टेकवून ठेवलेला असेल तर आणखी सावध व्हा. तो याच मॉडेलचा आहे का? लटकवायच्या पट्ट्या, उचलायची सळई, पट्ट्याला वळण देणाऱ्या पुल्या, सगळं आहे का? एका मॉडेलचा डेक दुसऱ्याला बसेलच असं नाही, आणि हे किरकोळ दिसणारे लोखंडाचे तुकडेच नंतर मिळता मिळत नाहीत.

घरी आणल्यावर: आधी चालू करा

मॉडेल नंबर आणि इंजिनावरच्या पाटीवरचा नंबर टिपा आणि त्यांचं मॅन्युअल मिळवा. खोलण्याआधी फोटो काढा. बोल्ट झिप-पिशव्यांत ठेवून वर नाव लिहा. आणि सगळं एकदम खोलू नका! अंगणभर पसरलेले सुटे भाग बघून कित्येकांचा उत्साह मावळतो आणि ट्रॅक्टर भंगारात जातो.

बॅटरी जोडण्याआधी इंजिन हाताने फिरतंय का बघा. जाम असेल तर प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं तेल ओता, काही दिवस मुरू द्या आणि फ्लायव्हील दोन्ही दिशांना हळूहळू हलवा. स्टार्टरने जबरदस्ती नको. बऱ्याचदा जाम झालेला असतो तो पिस्टन नसून व्हॉल्व्ह. या इंजिनांत व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, त्यामुळे हेड म्हणजे फक्त झाकण. ते काढलं की सगळं डोळ्यांसमोर येतं. कार्बन लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, नवं गॅस्केट घाला आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळा.

मग इंजिनावरचं पत्र्याचं आवरण काढा. ही पायरी चुकवू नका. कोठारात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या या आवरणाखाली उंदरांचं घरटं असतंच असतं: गवत, चिंध्या, अक्रोडाची टरफलं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंखांत, म्हणजे बाहेरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांत, ते अडकलं की इंजिन तापतं आणि मालकाला कारण कळत नाही. सगळं साफ करा, पंखांमधलं तेलकट किटणही.

आता ठिणगी. भारतात चेतक स्कूटरचे सीबी पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे छोटे संपर्क) साफ केलेल्यांना इथे काहीच नवं वाटणार नाही. के मालिकेत ब्लॉकच्या बाजूला छोटं झाकण असतं, त्याखाली पॉइंट. वर्षानुवर्षं उभ्या ट्रॅक्टरमध्ये त्यांच्या तोंडावर करडी साय आलेली असते आणि तेवढ्यानेच वीज अडते. बारीक कानस एक-दोनदा फिरवा, मग कोरा जाड कागद दोन्हींमध्ये धरून ओढा. कागद स्वच्छ बाहेर येईपर्यंत ओढत राहा. फ्लायव्हील हाताने फिरवून पॉइंट पूर्ण उघडतील त्या जागी आणा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.०२० इंच फट ठेवा. प्लगची फट ०.०३५ इंच. अजून अचूक काम हवं असेल तर फ्लायव्हीलवर ‘एस’ची खूण शोधा. ती खूण खिडकीतल्या रेषेसमोर येताना पॉइंट नेमके उघडायला लागले पाहिजेत. टेस्ट लॅम्प लावून ते दिसतं. कंडेन्सर स्वस्त आहे, नवाच घाला.

पेट्रोलचा मार्ग पूर्ण साफ करा. जुन्या रबरी नळ्या फेकून द्या. आजच्या पेट्रोलमधलं १० टक्के इथेनॉल त्या जुन्या रबराला सोसत नाही. टाकी गंजलेली असेल तर व्हिनेगर भरून ठेवा, मग साखळीचा तुकडा टाकून खळखळवा, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. कार्बोरेटर खोलून जेट, वाटी, फ्लोट स्वच्छ करा. त्यावरच्या दोन सुया सुरुवातीला हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्या. दाबून आवळलं तर टोकाला खाच पडते आणि सुई कायमची बिघडते. मग मुख्य सुई साधारण दोन आटे बाहेर, आयडलची (इंजिन मंद चालताना काम करणारी) सव्वा आटा. इंजिन तापल्यावर बारीक फरक करा.

जुना स्टार्टर-जनरेटर असेल, म्हणजे एकच डबा इंजिन फिरवतो आणि तोच बॅटरीही भरतो, तर त्याचा पट्टा ताठ हवा. बॅटरी काढून ठेवलेली असेल तर जोडल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, रेग्युलेटरवरचे ‘बॅट’ आणि ‘जेन’ हे दोन टर्मिनल वायरने क्षणभर टेकवा. एक ठिणगी पडेल. त्यामुळे जनरेटरची दिशा ठरते. हे राहिलं तर जनरेटर बॅटरी भरणार नाही.

तेल एसएई ३०, किती ते मॅन्युअलप्रमाणे. अर्धा तास चालवून पुन्हा बदला, आतला गाळ निघतो. कॉम्प्रेशन मोजून घाबरू नका. यांतल्या बऱ्याच इंजिनांत चालू होताना दाब मुद्दाम सोडणारी यंत्रणा असते, त्यामुळे गेजवर आकडा कमीच येतो. गळती मोजणारी चाचणी खरी. कधी इंजिन पूर्ण खोलायची वेळ आलीच तर आतले बॅलन्स गिअर परत बसवू नका, असं माझं मत. ते तुटले तर ब्लॉक घेऊनच जातात. थरथर थोडी वाढते, ती परवडते.

डेकचं काम

डेक उतरवून उलटा करा. खालचं वाळलेलं गवत खरवडून काढा, मग वायर ब्रश. छोट्या कंसांचा आणि पुल्यांचा गंज काढायला इलेक्ट्रॉलिसिस उत्तम: प्लॅस्टिकची बादली, पाणी, गॅलनला चमचाभर धुण्याचा सोडा, साधा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह तार गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टेनलेस स्टील चुकूनही वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हे उघड्यावरच करा, कारण हायड्रोजन निघतो.

स्पिंडलची बेअरिंग काढलीच आहेत तर सगळी बदला. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर बेअरिंगच्या दुकानात सांगितला की तीच मिळतात, ट्रॅक्टरच्या नावाने घेतली तर महाग पडतात. पट्टा मात्र योग्य लांबीचा आणि अशाच यंत्रांसाठी बनवलेला घ्या. गाडीचा पट्टा क्लचसारखं घसरणं सहन करत नाही.

पाती मूळच्याच धारेच्या कोनात, साधारण ३० अंशांत घासा. रेझर ब्लेडसारखी धार नको, पहिल्या खड्याला उडेल. मग पातं मधल्या भोकातून खिळ्यावर लटकवा. जी बाजू खाली जाईल ती अजून घासा. तोल गेलेलं पातं नवी बेअरिंग एका उन्हाळ्यात खातं. पुल्या बदलून पाती जोरात फिरवायचा मोह टाळा; अमेरिकन सुरक्षा मानकात पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या आत ठेवलाय तो कारणाने.

डेक लावल्यावर सपाट काँक्रीटवर, चारही चाकांत योग्य हवा भरून, पातळी बघा. डावी-उजवी बाजू सारखी, आणि पात्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा पाव इंचापर्यंत खाली. पुढचं टोक वर राहिलं तर गवत दोनदा कापलं जातं, इंजिन धापा टाकतं आणि कापणी पिवळट दिसते.

रंगाचं थोडक्यात: एक हंगाम ट्रॅक्टर वापरून झाल्यावर रंगवा. तोवर काय गळतंय, काय परत खोलावं लागतंय ते कळलेलं असतं. जुन्या रंगात शिसं आणि जुन्या ब्रेक-क्लचमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं घासू नका, हवेने फुंकू नका. ओलं करून पुसा आणि योग्य मास्क लावा.

चालवताना

बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना सीटखालचा स्विच नसतो. तुम्ही पडलात तरी पाती फिरत राहतात. असा स्विच इग्निशनच्या वायरीत घालणं तासाभराचं काम आहे, पहिल्या कापणीआधीच करा. मुलांना मांडीवर घेऊन फेरी मारायची नाही. ते अंगणात असतील तर पाती बंद. उलटल्यावर वाचवणारी कमान या ट्रॅक्टरांना नसते, त्यामुळे १५ अंशांपेक्षा तीव्र उतारावर जाऊ नका, आणि उतार आडवा न कापता वर-खाली कापा. डेकखाली हात घालण्याआधी प्लगची वायर काढा, आणि ट्रॅक्टर जॅकवर न ठेवता घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा.

कापताना थ्रॉटल पूर्ण ठेवा, वेग गिअरने कमी-जास्त करा. पंखा फ्लायव्हीलवर असतो, म्हणून कमी फेऱ्यांवर इंजिन तापतं. या भागातली ब्लूग्रास आणि फेस्क्यू ही गवतं तीन-साडेतीन इंच उंच ठेवा, आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. पहिल्या तासानंतर थांबून पात्यांचे, हबचे आणि इंजिन धरणारे बोल्ट पुन्हा आवळा. नव्याने जोडलेलं यंत्र हमखास थोडं ढिलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होईल. तेल तेव्हाच बदला, वसंतात नको. जुन्या तेलातलं आम्ल हिवाळाभर बेअरिंग खातं. डेकचा तळ खरवडून कोरडा करा, बॅटरी काढून घरात ठेवा, आणि इंजिनाच्या आवरणाच्या तोंडावर बारीक जाळी बांधा, नाहीतर उंदीर परत येतील.